‘एकाच वेळी’ म्हणजे कुणाच्या वेळी? सापेक्षतेतल्या कोड्यांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात अकरावी-बारावी आणि बी.एस्सी.च्या मुलांना मी भौतिकशास्त्र शिकवते. विशिष्ट सापेक्षतेचा धडा आला की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. त्यात पालकही मागे नसतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणांत एक काल्पनिक लोकल वापरली आहे. ती प्रकाशाच्या ६० टक्के वेगाने धावते, मध्ये कुठे थांबत नाही आणि तिचे रूळ पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर धरला आहे.

विशिष्ट सापेक्षता नेमकं काय सांगते? थोडक्यात सांगा.

दोन गोष्टी. पहिली, सरळ रेषेत एकाच वेगाने जाणाऱ्या गाडीच्या आत कुठलाही प्रयोग करा, गाडी चालू आहे की उभी हे त्यातून कळत नाही. दुसरी, निर्वात पोकळीतला प्रकाशाचा वेग कुणीही मोजला तरी तेवढाच भरतो, नेमका सांगायचा तर सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. आइनस्टाइनने १९०५ मध्ये एवढ्याच भांडवलावर सगळा डोलारा उभा केला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता आणि बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करत होता. कालविस्तार (धावतं घड्याळ हळू चालणं), लांबीचं आकुंचन (धावती वस्तू धावण्याच्या दिशेला आखूड भरणं) वगैरे सगळं या दोन गोष्टींतूनच निघतं.

पहिली गोष्ट पटते, दुसरी पचत नाही. वेगांची तर बेरीज होते ना?

ताशी ६० च्या लोकलमध्ये एखादा फेरीवाला ताशी ५ ने पुढच्या दिशेला चालला, तर रुळांच्या हिशेबाने त्याचा वेग ६५ होतो असं आपण म्हणतो. खरं तर तो ६५ पेक्षा किंचित कमी असतो, पण ही तूट इतकी बारीक असते की कुठल्याही रोजच्या मोजमापात ती सापडत नाही. वेग वाढत जातो तशी तूटही वाढते, आणि प्रकाशापाशी पोचल्यावर बेरीज पूर्ण थांबते. १९६४ मध्ये सर्न प्रयोगशाळेत प्रकाशाच्या ९९.९७५ टक्के वेगाने धावणाऱ्या पायॉन कणांतून निघालेल्या गॅमा किरणांचा वेग मोजला गेला. साध्या बेरजेने तो जवळपास दुप्पट यायला हवा होता. तो आला प्रकाशाच्या नेहमीच्या वेगाएवढाच. न पचणारी गोष्ट मोजमापात खरी ठरत असेल तर पचनशक्तीच वाढवावी लागते, दुसरा इलाज नाही.

धावत्या गाडीतलं घड्याळ हळू का चालतं?

डब्याच्या जमिनीवर एक आरसा आणि छताला एक आरसा लावा, आणि मध्ये प्रकाशाचा एक ठिपका वरखाली उसळता ठेवा. खालून वर एक फेरी झाली की एक ‘टिक’. डब्यातल्या माणसाला ठिपका सरळ उभा जाताना दिसतो. समजा, त्याने ४ एककं अंतर कापलं. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाच्या हिशेबाने मात्र ठिपका वर जाईपर्यंत गाडी पुढे सरकलेली असते, म्हणून ठिपक्याचा मार्ग तिरका होतो. ६० टक्के वेगाला इथे सातवीतला ३-४-५ त्रिकोणच हजर होतो. गाडी ३ पुढे गेली, उंची ४ आहे, तिरका मार्ग ५. प्रकाशाचा वेग दोघांना सारखाच, म्हणजे ज्या टिकला आत ४ एककं वेळ लागला त्याच टिकला बाहेर ५ लागला. बाहेरच्यांच्या १०० सेकंदांत गाडीतलं घड्याळ ८० सेकंद पुढे जातं.

“हे आरशांच्या घड्याळापुरतंच असेल, माझ्या मनगटावरच्या क्वार्ट्‌झला काय त्याचं?” असं एक जण हमखास विचारतो. क्वार्ट्‌झ, हृदयाचे ठोके, उकळणारा चहा, सगळं त्याच प्रमाणात मंदावतं. यातलं एखादं जरी मागे राहिलं नाही, तर डब्यातल्या माणसाला आरशांचं घड्याळ आणि मनगटावरचं घड्याळ यांत तफावत दिसेल, आणि गाडी चालू आहे हे त्याला आत बसूनच कळेल. पहिल्या गोष्टीनुसार तसं होऊ शकत नाही.

मग रोज ठाणे-वाशी करणारा माणूस तरुण राहतो म्हणायचा का?

राहतो. किती, ते बघा. ताशी ६० वेगाने तासभर प्रवास केला तर साडेपाच पिकोसेकंदांच्या आसपास वाचतात. सेकंदाचे दहा हजार कोटी भाग केले, तर त्यातल्या निम्म्या भागाएवढा हा वेळ आहे. रोज दोन तास, वर्षाला ३०० दिवस, अशी तीस वर्षं धक्के खाल्ले तर निवृत्तीच्या दिवशी जमा होतात सुमारे १०० नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग).

या जमेला एक वजाबाकीही आहे. ती विशिष्ट सापेक्षतेतली नाही, आइनस्टाइनने नंतर मांडलेल्या व्यापक सापेक्षतेतली आहे. जमिनीपासून जितकं उंच जाल तितकं घड्याळ जलद चालतं. घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमध्ये तिसाव्या मजल्यावर, म्हणजे साधारण ९० मीटर उंचीवर घर घेतलंत, तर तळमजल्यावरच्या वॉचमनपेक्षा तुम्ही वर्षाला सुमारे ३०० नॅनोसेकंदांनी जास्त म्हातारे होता. लोकलने तीस वर्षांत कमावलेलं टॉवरमध्ये चार-पाच महिन्यांत उडून जातं. ब्रोशरमध्ये बिल्डर हे छापत नाहीत.

समकालिकता ही काय भानगड आहे?

माझ्या मते खरा धडा हाच आहे. पुस्तकांत कालविस्ताराचं सूत्र आधी येतं, मुलं ते पाठ करतात आणि मग प्रत्येक कोड्यात अडकतात.

आपल्या काल्पनिक लोकलची डब्यात मोजलेली लांबी २५० मीटर आहे. पुढच्या टोकाला मोटरमन, मागच्या टोकाला गार्ड. बरोबर मधल्या डब्यात कुणीतरी कॅमेऱ्याचा फ्लॅश उडवला. गाडीतल्यांच्या दृष्टीने प्रकाशाला दोन्हीकडे सारखंच अंतर आहे, म्हणून तो मोटरमन आणि गार्ड यांच्याकडे एकाच वेळी पोचला.

आता ऐरोलीच्या प्लॅटफॉर्मवरून हिशेब करा. प्रकाश दोन्हीकडे त्याच वेगाने निघाला आहे, पण गार्ड प्रकाशाच्या दिशेने येतो आहे आणि मोटरमन त्याच्यापासून पळतो आहे. साहजिकच गार्डला तो आधी भेटतो. आकडेमोड केली तर फरक ०.६२५ मायक्रोसेकंदाचा येतो (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). म्हणजे ‘प्रकाश गार्डकडे पोचला’ आणि ‘प्रकाश मोटरमनकडे पोचला’ या दोन घटना गाडीत एकाच वेळी घडल्या, प्लॅटफॉर्मवर मात्र एकापाठोपाठ. दोघांपैकी कुणाचीही आकडेमोड चुकलेली नाही.

पण हा नुसता भास झाला ना? लांबचा प्रकाश डोळ्यापर्यंत उशिरा पोचतो म्हणून तसं वाटत असेल.

नाही. डोळ्यापर्यंत प्रकाश पोचायला लागणारा वेळ आपण आधीच बाजूला काढला आहे. असं समजा की रुळांच्या कडेला मीटरमीटरवर एकेक घड्याळ आहे, सगळी एकमेकांशी जुळवलेली आहेत आणि प्रत्येक घड्याळापाशी एक माणूस फक्त आपल्या नाकासमोरच्या घटनेची वेळ वहीत टिपतो. नंतर सगळ्या वह्या एकत्र करून वेळ ठरवायची. वरचा फरक या वह्यांमध्ये दिसतो. ‘दिसणं’ हा वेगळाच विषय आहे आणि त्याच्या गमती निराळ्या आहेत. त्याची थोडी झलक पुढे जुळ्या बहिणींच्या दिवाळीत येईल.

मी म्हणतो त्याचं घड्याळ हळू, तो म्हणतो माझं. दोघंही बरोबर कसे असतील?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे, आणि इथे कागद-पेन घेऊन बसल्याशिवाय समाधान होत नाही. ठाणे ते वाशी अंतर हिशेबासाठी १८ किलोमीटर धरू. दोन्ही स्टेशनांवरची घड्याळं एकमेकांशी जुळवलेली आहेत. लोकल ठाण्याहून जाताना ठाण्याचं घड्याळ आणि गाडीतलं घड्याळ दोन्ही शून्यावर आहेत.

जमिनीवरून: १८ किलोमीटर जायला लोकलला १०० मायक्रोसेकंद लागले. ती वाशीला पोचली तेव्हा वाशीच्या घड्याळात १०० वाजले होते. गाडीतलं घड्याळ हळू चालतं, त्यात ८० वाजले होते. दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी, दोन्हींचा एकत्र फोटो काढा. फोटोत १०० आणि ८० दिसणार, यावर वाद नाही.

आता गाडीत बसा. गाडी स्वतःला स्थिर समजते, धावत येतात ती स्टेशनं. म्हणून स्टेशनांमधलं अंतर आकसून १४.४ किलोमीटर झालेलं आहे. वाशी स्टेशन येऊन भेटायला ८० मायक्रोसेकंद लागले, म्हणजे गाडीचं घड्याळ बरोबर आहे. पण गाडीच्या मते स्टेशनांची घड्याळं हळू चालतात. ८० मायक्रोसेकंदांत ती ६४ च पुढे जातील. मग वाशीच्या घड्याळात १०० कुठून आले?

उत्तर असं की, गाडीच्या दृष्टीने ही दोन घड्याळं कधी जुळलेलीच नव्हती. ठाण्यात शून्य वाजले ‘त्याच वेळी’ वाशीच्या घड्याळात ३६ वाजलेले होते. ३६ अधिक ६४, झाले १००. हे ३६ मनाने घातलेले नाहीत. वेगाला अंतराने गुणून प्रकाशवेगाच्या वर्गाने भागलं की तेवढेच येतात. फोटो तोच, कथा दोन, आणि दोन्ही कथांत दुसऱ्याचंच घड्याळ हळू. ज्याला हे ३६ समजले त्याला विशिष्ट सापेक्षता समजली, असं मी बेधडक म्हणते.

जुना मुंबई टाइम आणि स्टँडर्ड टाइम, त्यातलाच हा प्रकार का?

हा प्रश्न एका आजोबांचा. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली, तरी मुंबईत जुना मुंबई टाइम पन्नासच्या दशकापर्यंत टिकून होता. दोघांत ३९ मिनिटांचा फरक होता. त्या काळच्या घरांत दोन्ही वेळांची भाषा ऐकू यायची. पण तो फरक काटे कुठे लावायचे याचा होता. काटे ३९ मिनिटं पुढे केले की वाद मिटला, कारण दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही यावर दोन्ही वेळांचं एकमतच होतं. सापेक्षतेत गाडी आणि प्लॅटफॉर्म यांचं नेमकं त्यावरच जमत नाही, आणि काटे कितीही फिरवले तरी जमणार नाही.

पारसिकच्या बोगद्याचं कोडं सांगा ना.

हे खरं तर जुनं खांब-कोठाराचं कोडं आहे. मी ते मुंब्र्याच्या वाटेवर आणून बसवलं, एवढंच. पारसिक बोगदा सुमारे १.३ किलोमीटरचा आहे, आपण बरोबर १,३०० मीटर धरू. डब्यात मोजली तर १,५०० मीटर भरते अशी एक लांबलचक गाडी ६० टक्के वेगाने येते आहे. बोगद्याच्या दोन्ही तोंडांना निमिषात बंद होऊन लगेच उघडणारे दरवाजे आहेत.

डोंगरावरून बघणाऱ्याच्या हिशेबाने धावती गाडी आकसून १,२०० मीटर झाली. ती बोगद्याच्या मधोमध असताना, दोन्ही टोकांना ५०-५० मीटर मोकळे असताना, त्याने दोन्ही दरवाजे एकाच वेळी क्षणभर लावून उघडले. गाडी पूर्ण आत होती, कशालाही धक्का लागला नाही.

मोटरमन म्हणतो, शक्यच नाही. माझी गाडी १,५०० मीटर आहे आणि आकसलेला आहे तुमचा बोगदा, १,०४० मीटरचा. दरवाजा तर गाडीवरच आदळेल.

दरवाजे ‘एकाच वेळी’ लागले ते डोंगराच्या हिशेबाने. मोटरमनच्या हिशेबाने आधी पुढचा, म्हणजे बाहेर पडण्याच्या तोंडाचा दरवाजा लागला आणि उघडला. त्या क्षणी गाडीचं नाक त्या दरवाजापासून ६२.५ मीटर अलीकडे होतं, शेपूट मात्र अजून बोगद्याबाहेर लोंबत होतं. त्यानंतर ३.२५ मायक्रोसेकंदांनी मागचा दरवाजा लागला. तेवढ्या वेळात बोगदा ५८५ मीटर मागे सरकलेला होता. आता नाक पलीकडून बाहेर आलं होतं आणि शेपूट मागच्या दरवाजाच्या ६२.५ मीटर आत गेलं होतं. मोटरमनच्या मते गाडी कुठल्याही क्षणी पूर्ण आत मावलीच नाही, तरीही दरवाजा तिला लागला नाही. १,०४० अधिक ५८५ म्हणजे १,६२५, आणि १,५०० अधिक दोन वेळा ६२.५ म्हणजेही १,६२५. हिशेब चोख जुळतो.

चलाख मुलं इथे थांबत नाहीत. “पुढचा दरवाजा उघडलाच नाही तर?” तर अपघात होईल, दोघांच्याही मते होईल. नाक दरवाजावर थांबलं ही बातमी शेपटापर्यंत पोचायला वेळ लागतो. कुठलाही धक्का प्रकाशापेक्षा जलद जात नाही, पोलादातून तर त्याच्या कितीतरी हळू जातो. तोवर शेपूट धावतच राहतं आणि गाडी चिरडत आत शिरते. सापेक्षतेत पूर्ण ताठ अशी वस्तूच नसते.

जुळ्यांच्या कोड्यात कोण म्हातारं होतं? आणि का?

पॉल लांजव्हॅ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९११ मध्ये प्रवाशाची गोष्ट मांडली, ती पुढे जुळ्यांचं कोडं म्हणून गाजली. आपल्या जुळ्या बहिणी ठाण्याच्या. एक घरी राहिली. दुसरी प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने ४ प्रकाशवर्षं दूर गेली आणि लगेच तशीच परत आली. घरच्या बहिणीची १० वर्षं गेली, प्रवासी बहिणीची ६. इथवर सूत्र लावलं की काम होतं. प्रश्न असा की, प्रवासी बहीण का म्हणू शकत नाही की “मी स्थिर होते, ठाणंच गेलं आणि आलं”?

दोघींनी ठरवलं आहे की आपापल्या घड्याळाने दर दिवाळीला रेडिओवरून शुभेच्छा पाठवायच्या. जाताना प्रवासी बहीण घरच्या संदेशांपासून दूर पळते आहे. स्वतःच्या ३ वर्षांत तिला फक्त एक दिवाळी मिळते. परत फिरल्याबरोबर संदेश समोरून आदळू लागतात आणि पुढच्या ३ वर्षांत ९ दिवाळ्या येतात. एकूण १०, म्हणजे घरी १० वर्षं गेली.

घरच्या बहिणीकडे चित्र वेगळं आहे. प्रवासी बहीण ५ व्या वर्षी वळली खरी, पण तो वळण्याच्या वेळचा संदेश ४ प्रकाशवर्षं चालून ९ व्या वर्षी पोचला. म्हणून ९ वर्षांत फक्त ३ दिवाळ्या आणि शेवटच्या एका वर्षात आणखी ३. एकूण ६. प्रवासी बहिणीला वळल्याबरोबर फरक कळतो, घरच्या बहिणीला तो कळायला ९ वर्षं लागतात. दोघींच्या अनुभवात समानता नाही ती इथे. जास्त म्हातारी नेमकी कोण झाली, यावर वादाला जागाच उरत नाही.

‘आत्ता ठाण्यात काय चाललंय’ या हिशेबानेही हे सोडवता येतं. जाताना ३ वर्षं झाल्यावर प्रवासी बहिणीच्या मते ठाण्यात १.८ वर्षं उलटलेली असतात, कारण तिच्या मते ठाण्याचं घड्याळ हळू. यान उलट दिशेला वळलं की तिचा ‘आत्ता’ बदलतो आणि ठाण्यात एकदम ८.२ वर्षं झालेली असतात. परतताना आणखी १.८, झाली १०. मधली ६.४ वर्षं ठाण्यातल्या कुणी उडी मारून काढलेली नाहीत. बदलला तो तिचा हिशेब.

म्हणजे वळतानाच्या धक्क्यामुळे ती तरुण राहते?

धक्का ही खूण आहे, कारण नव्हे. सर्नमध्ये १९७० च्या दशकात म्युऑन या अल्पायुषी कणांना एका कड्यात प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ गरागरा फिरवलं गेलं. त्यांच्यावरचं त्वरण गुरुत्वाच्या अब्जावधी पटींनीही मोठं होतं. तरी त्यांचं आयुष्य वेगाच्या सूत्राप्रमाणेच सुमारे २९ पट लांबलं, त्वरणाने वेगळी काहीच भर घातली नाही. हे असं बघा: ठाण्याहून वाशीला ऐरोलीमार्गे थेट गेलात किंवा कुर्ल्याला गाडी बदलून गेलात, तर किलोमीटर वेगळे भरतात. कुर्ल्याला वळलो म्हणून अंतर वाढलं असं आपण म्हणतो, पण जास्तीचे किलोमीटर वळणावर साचलेले नसतात, ते सगळ्या मार्गाचे असतात. काळाचंही तसंच, फक्त उलट. दोन भेटींमध्ये सरळ राहणाऱ्याच्या घड्याळात सर्वांत जास्त वेळ भरतो.

हे सगळं कागदावरच आहे की कुणी मोजलंय?

मोजलंय, आणि अनेकदा. वैश्विक किरण हवेवर आदळून साधारण १५ किलोमीटर उंचीवर म्युऑन तयार होतात. स्थिर म्युऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानेही ६६० मीटरच जाता येईल. म्हणजे ते जमिनीपर्यंत जवळपास पोचूच नयेत. प्रत्यक्षात समुद्रसपाटीला चौरस सेंटीमीटरमागे मिनिटाला साधारण एक म्युऑन येतो. तळहात आडवा धरलात तर सेकंदाला एकदोन त्यातून आरपार जातात. १९६३ मध्ये अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर तासाला सुमारे ५६० म्युऑन मोजले गेले. सुमारे १,९०० मीटर खाली, समुद्रसपाटीला ते साधारण ४१० भरले. कालविस्तार नसता तर तिशीच्या आत राहिले असते. आणि म्युऑनच्या दृष्टीने? त्याचं आयुष्य २.२ मायक्रोसेकंदच आहे, डोंगरच आकसलेला आहे. तोच फोटो, दुसरी कथा. टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची उटीची म्युऑन दुर्बीण याच कणांवर नजर ठेवते, आणि त्यांच्या आधारे २०१४ मधल्या एका वादळी ढगातलं सुमारे १.३ अब्ज व्होल्टचं विद्युत विभवही तिथे मोजलं गेलं.

१९७१ मध्ये हाफेल आणि कीटिंग यांनी अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली घड्याळं सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली २७३ पुढे गेली. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून दोन्ही दिशांना वेग सारखा धरता येत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत अॅल्युमिनियम आयनांच्या घड्याळांनी ताशी ३६ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचा कालविस्तार मोजला. म्हणजे आपल्या खऱ्या लोकलच्या वेगाचा!

जीपीएसच्या उपग्रहांत वेगामुळे घड्याळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, उंचीमुळे ४५ पुढे जातात, एकूण ३८ पुढे. ही दुरुस्ती केली नाही तर अंतराची चूक दिवसाला सुमारे ११ किलोमीटरने वाढत जाईल. ‘नाविक’ या आपल्या भारतीय दिशादर्शक यंत्रणेचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहेत. तिथे वेग कमी म्हणून मागे पडणं चार-पाच मायक्रोसेकंदांचं, आणि उंची जास्त म्हणून पुढे जाणं पन्नासच्या आसपास.

तलावपाळीवर चालताना ‘आत्ता’ बदलतो म्हणतात, खरं का?

बदलतो. ठाण्यातल्या तलावपाळीवर दोन जण ताशी ५ किलोमीटरने चालत समोरासमोर आले. एक देवयानी दीर्घिकेच्या दिशेने चालला आहे, दुसरा उलट. देवयानी सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. वेग क्षुल्लक, पण अंतर अफाट. म्हणून त्या गुणाकारातून निघतं की दोघांच्या ‘आत्ता’मध्ये तिथे सुमारे साडेआठ दिवसांचा फरक पडतो. देवयानीकडे चालणाऱ्याचा ‘आत्ता’ तिथला पुढचा दिवस पकडतो.

याने घाबरायचं कारण नाही. तिथल्या कुठल्याही दिवसाची बातमी इथे यायला २५ लाख वर्षं लागणार, आणि ती दोघांना एकदमच मिळणार. मला विचाराल तर, याचा अर्थ एवढाच की दूरच्या ठिकाणचा ‘आत्ता’ ही आपली हिशेबाची सोय आहे. यावरून भविष्य आधीच ठरलेलं आहे असं सिद्ध करणारे तत्त्वज्ञ आहेत. मला ती उडी जरा लांबची वाटते.

क्रम उलटत असेल तर मूल आधी आणि आई नंतर, असंही होईल?

नाही. दोन घटनांच्या मधल्या वेळात प्रकाश एकीकडून दुसरीकडे पोचू शकत नसेल, तरच क्रम बदलू शकतो. ठाण्याहून वाशीला प्रकाश ६० मायक्रोसेकंदांत जातो. ठाण्यात काही घडून ६० मायक्रोसेकंद उलटल्यावर वाशीत काही घडलं, तर हा क्रम कुठल्याही गाडीतून तोच दिसणार. कार्यकारणभाव शाबूत आहे.

पुराणातल्या रेवतीची गोष्ट म्हणजे कालविस्तारच ना?

ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला रेवतीला घेऊन ब्रह्मलोकात जातो, तिथे थोडं गाणं ऐकतो, आणि पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटून जातात. भागवतातली ही कथा मला फार आवडते. काळ सगळीकडे सारखा वाहत नाही ही कल्पना इतक्या आधी सुचणं ही मोठीच गोष्ट. पण त्यात वेग किती असता वेळ किती, हा संबंध नाही, आणि त्यावरून म्युऑन मोजता येत नाहीत. व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘आपल्याला आधीच माहीत होतं’ हा मजकूर कथेचं सौंदर्य घालवतो आणि विज्ञानाचंही काही भलं करत नाही.

परीक्षेत गॅमाने गुणायचं की भागायचं, नेहमी गोंधळ होतो.

गॅमा म्हणजे धावतं घड्याळ किती पट हळू चालतं तो आकडा, ६० टक्के वेगाला ५ भागिले ४. आधी विचारा: दोन्ही घटना एकाच घड्याळाच्या जागी घडल्या का? ते घड्याळ सर्वांत कमी वेळ दाखवतं. दुसऱ्या चौकटीतला, म्हणजे त्या घड्याळाच्या तुलनेत धावणाऱ्याच्या हिशेबातला वेळ त्याच्या गॅमापट. दोन्ही घटना ज्याच्या जागी घडल्या असं कुठलंच घड्याळ उदाहरणात नसेल, तर नुसतं गॅमाचं सूत्र लावू नका, एका चौकटीतली जागा आणि वेळ दुसरीत बदलणारी लोरेंट्झची पूर्ण समीकरणं लावा. निम्मे गुण इथेच जातात.

एखादं कोडं द्या, ज्यात मोठेही फसतात.

सरळ रुळावर एकामागे एक दोन सारखी इंजिनं उभी आहेत आणि मध्ये ताणून बांधलेला नाजूक दोरा. जमिनीच्या घड्याळाने दोन्ही एकाच वेळी निघतात आणि अगदी सारखा वेग धरत जातात. वेग प्रकाशाच्या जवळ गेला की दोरा तुटेल का?

हे कोडं १९५९ मध्ये डीवन आणि बेरान यांनी मांडलं, पुढे जॉन बेल यांच्यामुळे ते गाजलं. सर्नमधल्या सहकाऱ्यांना विचारलं तेव्हा बहुतेकांचं उत्तर ‘तुटणार नाही’ असं आलं, ही आठवण बेल यांनीच लिहून ठेवली आहे.

दोरा तुटतो. जमिनीवरून बघता इंजिनांमधलं अंतर तेवढंच राहतं, पण धावता दोरा आकसायला बघतो आणि त्याला आकसायला जागा मिळत नाही. इंजिनातून बघितलं तर पुढचं इंजिन मागच्याच्या आधी वेग घेत जातं, कारण जमिनीचं ‘एकाच वेळी’ हे इंजिनांचं ‘एकाच वेळी’ नसतं, आणि दोघांमधलं अंतर वाढत राहतं.